चहा सोडू नका, पण मोजून प्या

वस्तीत कोणाच्याही दारात उभे राहा, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चहा ठेवू का?" विहारातली बैठक असो, बचत गटाचा हिशेब असो, मुलीला बघायला आलेली मंडळी असोत की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, चहाशिवाय कोणी उठत नाही. आपल्या समाजात या कपाला आणखी एक अर्थ आहे. गावच्या हॉटेलात आपल्या आजोबांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असायची आणि चहा वरून, लांबून ओतला जायचा. त्यांच्या नातवंडांनी घरी आलेल्या कोणालाही मानाने चहा पुढे करावा, ही लहान गोष्ट नाही. तेव्हा चहा बंद करा, असे सांगायला आम्ही हा लेख लिहीत नाही.

पण आरोग्य शिबिरात काही तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात. रात्री झोप लागत नाही. छातीत धडधडते. पित्त उसळते. दुपारनंतर डोके ठणकते. अंगात रक्त नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळी गोळी येते, पण दिवसात चहा किती वेळा होतो आणि कधी होतो, हे फारसे कोणी विचारत नाही. या सगळ्या तक्रारी चहामुळेच होतात असे नाही. मात्र त्यांतल्या बऱ्याच चहामुळे वाढतात, आणि चहाची वेळ व माप बदलणे हा उपाय फुकटचा आहे.

चहात असते तरी काय?

चहाने तरतरी येते ती कॅफिनमुळे. हेच कॅफिन कॉफीत, कोलासारख्या थंड पेयांत, एनर्जी ड्रिंकमध्ये आणि थोडे चॉकलेटमध्येही असते. १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून पहिल्यांदा वेगळे काढले.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसला की आपल्याला थकवा आणि झोप जाणवते. कॅफिन दिसायला ॲडेनोसिनसारखेच. ते आधी जाऊन त्या जागा अडवून बसते, त्यामुळे थकवा असूनही जाणवत नाही. म्हणजे चहा अंगात नवी ताकद घालत नाही, थकव्याची खबर तेवढी दाबून ठेवतो. कॅफिन उतरले की साठलेला थकवा एकदम अंगावर येतो आणि आपण म्हणतो, "आणखी अर्धा कप टाक गं."

रोज भरपूर चहा घेतला की मेंदू तशा जागा वाढवतो. मग पूर्वी एका कपात येणारी तरतरी दोन कपांनीही येत नाही, आणि एक दिवस चहा चुकला तर डोके दुखते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. "मला चहा नाही मिळाला तर डोकं धरतं" असे म्हणणाऱ्या माणसाला चहा औषधासारखा लागू पडतो असे वाटते. खरे तर ती डोकेदुखीच चहाच्या सवयीने तयार केलेली असते.

चहा प्यायल्यावर अर्ध्या ते एक तासात कॅफिनचा जोर सर्वांत जास्त असतो. पुढे ते अर्धे उतरायला सरासरी पाच तास लागतात. कोणाला तीन, कोणाला आठ. म्हणून एक माणूस रात्री नऊला चहा पिऊन घोरत पडतो आणि दुसऱ्याला चार वाजताचा कपही रात्री बारापर्यंत जागवतो. दुसऱ्याचे बघून आपले माप ठरवू नये, ते एवढ्यासाठी.

किती घेतला तर चालतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मोठ्या माणसासाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिन ही मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते, असेही तिथे दिले आहे.

आता तुमच्या घरचा चहा ३० चा की ६५ चा, हे कसे कळावे? त्यासाठी आम्ही एक घरगुती हिशेब सुचवतो. चहाच्या सुक्या पावडरीत साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असते. मधला आकडा ३ टक्के धरू. आपल्याकडची बारीक दाणेदार पावडर पाच-सात मिनिटे खदखदून उकळली की त्यातले बहुतेक कॅफिन पाण्यात उतरते. म्हणजे १० ग्रॅम पावडरीतून ३०० मिलिग्रॅम. हीच एका माणसाची दिवसाची हद्द झाली. आठवड्याला माणशी ७० ग्रॅम.

मग पुडा किती दिवस पुरतो ते बघा. घरात चहा पिणारी चार माणसे आहेत आणि पाव किलोचा पुडा सात दिवसांत संपतो, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ९ ग्रॅम पावडर, म्हणजे २७० मिलिग्रॅम कॅफिन येते. हद्दीच्या अगदी काठावर. तोच पुडा दहा दिवस पुरत असेल, तर माणशी १९० च्या आसपास. हा झाला फक्त घरचा हिशेब. नाक्यावरची कटिंग, कामावरचा चहा, पाहुण्यांकडचा चहा त्यात मिळवायचा. कटिंग दिसायला छोटी असली तरी टपरीवरचा चहा तासन्‌तास उकळून कडक झालेला असतो. दोन कटिंग म्हणजे एक पूर्ण कप धरा.

आणि एक गोष्ट. दूध जास्त घातल्याने कॅफिन कमी होत नाही. कोऱ्या चहातही ते असते, ग्रीन टीतही असते. गूळ घातल्याने कॅफिनला काही फरक पडत नाही. आले, वेलची, गवती चहा, तुळस यांत मात्र कॅफिन नसते. नुसता गवती चहा आणि आले उकळून, पावडर न घालता घेतले, तर ते मोजायची गरज नाही.

रक्त कमी असेल तर हे आधी वाचा

वस्तीतल्या बायका-मुलींसाठी या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्त कमी आढळले. जिना चढताना धाप लागणे, पाय गळून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, केस गळणे या तक्रारींना बाई "कामाचा शीण" म्हणते आणि तो घालवायला पुन्हा चहा पिते.

इथे दोष कॅफिनचा नाही, टॅनिनसारख्या तुरट पदार्थांचा आहे. चहाने जिभेवर जो तुरटपणा येतो तो त्यांचाच. पोटात अन्नातले लोह आणि हे पदार्थ एकत्र आले की एकमेकांना धरून ठेवतात. मग ते लोह रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह निम्म्याहून कमी शोषले जाते, असे अभ्यासांत दिसले आहे. भाजी, भाकरी, डाळ, कडधान्ये यांतल्या लोहाला हा फटका जास्त बसतो. मटण, मासे, कलेजी यांतले लोह त्यातून बऱ्यापैकी सुटते. पण ती रोज कोणाच्या ताटात असतात?

चहा-चपातीचा नाश्ता आणि जेवणानंतर लगेच घेतलेला चहा या सवयी म्हणूनच महाग पडतात. ताई मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाते. ताटात लोह येते, आणि वर कपभर चहा पिऊन ती ते घालवून बसते.

नियम सोपा आहे. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. वर सांगितलेल्या सरकारी सूचनांतही हेच म्हटले आहे. रक्त कमी असेल तर जेवणानंतरचे अंतर दीड-दोन तासांचे ठेवलेले बरे. चहाच्या जागी जेवणात लिंबू पिळा, किंवा पेरू, आवळा, टोमॅटो, कोबीची कोशिंबीर यांपैकी काहीतरी ठेवा. त्यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. सुकट, बोंबील परवडत असतील तर आठवड्यात एक-दोनदा भाजीत टाका.

लोहाच्या गोळीचेही तेच. आशाताईंनी दिलेली लाल गोळी असो की शाळेतून मुलीला आठवड्याला मिळणारी निळी गोळी, ती चहाबरोबर कधीच घ्यायची नाही. पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा. "गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही" अशी तक्रार असेल तर गोळी कशाबरोबर आणि कोणत्या वेळी घेतली जाते, हे आधी तपासा. तरीही फरक पडत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण रक्त कमी होण्याची दुसरी कारणेही असतात.

भूक मारणारा चहा

आपल्या देशात घराघरांत चहा पोहोचला तो विसाव्या शतकात, चहा कंपन्यांच्या जोरदार प्रचाराने. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, खाणी यांत चहाचे ठेले लावण्यात आले. थकलेला मजूर गरम गोड चहा पिऊन पुन्हा कामाला लागतो, हे मालकांच्या लक्षात आले होते. पुढे १९३० च्या सुमारास आसामात चहाची पाने चिरडून दाणे बनवण्याचे यंत्र निघाले. थोड्या पावडरीत कडक आणि स्वस्त चहा होऊ लागला. गरिबाच्या घरात चहा हा जेवणाला पर्याय बनला, त्यामागे ही अशी वाट आहे.

आजही सफाईच्या कामाला जाणारी बाई पहाटे चारला उठते, कपभर चहा पिते आणि पहिला घास खाते तो अकरा-बाराला. मधे दोन कटिंग होतात. चहाने भूक दबते, पण पोट रिकामेच राहते. कॅफिनने पोटातले आम्ल वाढते. रिकाम्या पोटी ते छातीशी येते, आणि मग पित्ताची गोळी सुरू होते.

पहाटे आधी एक पेलाभर पाणी प्या. चहाबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, एखादे केळे किंवा रात्रीची अर्धी भाकरी तरी खा. चहाआधी पोटात काहीतरी जावे यासाठी एवढे पुरते. चहाबरोबर थोडे लोह वाया जाईल, ते चालेल, पण सहा तास उपाशी राहणे चालणार नाही. लोहाची भर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात, चहा लांब ठेवून, काढता येते.

पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या उपासक-उपासिकांनाही एक सांगणे. दुपारनंतर जेवण नाही म्हणून संध्याकाळपर्यंत चार-पाच चहा घेतले तर उपोसथाच्या रात्री पित्त आणि जागरण ठरलेले. एखादा कप घ्या, बाकी पाणी किंवा गवती चहाचा काढा पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी जेवण टाळण्याआधी डॉक्टरांना विचारावेच.

लेकरांना चहा नको

"दूध परवडत नाही, म्हणून चहात चपाती बुडवून देते," असे आया सांगतात. त्यांची अडचण खरी आहे. पण त्या वाटीत लेकराला मिळते काय? साखर, थोडे दूध, कॅफिन, आणि चपातीतले लोह अडवणारे तुरट पदार्थ. वाढीच्या वयात रक्त कमी राहिले तर मूल लवकर थकते आणि अभ्यासात मागे पडते.

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम कॅफिन ही हद्द धरली. सहा-सात वर्षांचे २० किलोचे मूल धरले तर ६० मिलिग्रॅम झाले. घरचा एक कडक कप तेवढा भरतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना चहा द्यायचाच नाही, हे बालरोगतज्ज्ञांचे सांगणे आपण पाळावे.

चहात जाणारे पाव कप दूध वेगळे काढून, त्यात थोडे पाणी घालून, चपातीबरोबर द्या. नाचणीची पेज, सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे, उकडलेले अंडे, वरणात कुस्करलेली चपाती, यांतले जे जमेल ते द्या. अंगणवाडीचा आहार सोडू नका. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यापेक्षा पाच रुपयांचे फुटाणे लेकराच्या अंगी जास्त लागतात.

अभ्यास करणारी मुले आणि रंगीत बाटल्या

दहावी-बारावीची, पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मुले रात्र रात्र अभ्यासिकेत बसतात. त्यांच्या हातात आता चहाच्या जोडीला एनर्जी ड्रिंकची बाटली दिसते. ती किराणा दुकानात थंड पेयांच्या शेजारीच ठेवलेली असते, त्यामुळे सरबतासारखी वाटते. ते सरबत नव्हे.

आपल्या देशातल्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे अशा पेयात एका लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. लहान मुले, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांनी ते घेऊ नये, आणि दिवसात ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये, ही सूचना लेबलवर छापलेली असते, पण अक्षरे इतकी बारीक की कोणी वाचत नाही. वाचा आणि मुलांकडून वाचून घ्या. थंड आणि गोड असल्यामुळे ते दोन मिनिटांत घशाखाली जाते. गरम चहा तसा जात नाही. दोन बाटल्या, वर दोन-तीन चहा, एवढ्याने हातपाय थरथरणे, छाती धडधडणे, मळमळ, घाबरल्यासारखे होणे सुरू होऊ शकते. भरतीच्या धावण्याआधी हा प्रयोग करू नका. दारूत मिसळून तर मुळीच नको. त्याने नशा उतरत नाही, फक्त ती जाणवत नाही, आणि माणूस जास्त पितो.

अभ्यासाबद्दल एवढेच सांगू की दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. रात्री तीनपर्यंत चहावर जागून वाचलेले सकाळी पेपरात आठवत नाही, त्याचे एक कारण हे आहे. संध्याकाळी सहानंतर चहा बंद, अकराला झोप आणि पहाटे पाचला उठून अभ्यास, हे वेळापत्रक एक आठवडा करून पाहा.

गरोदर आणि बाळंत स्त्रिया

गरोदरपणात कॅफिन अंगातून उतरायला फार वेळ लागतो. शेवटच्या महिन्यांत ते अर्धे व्हायलाच पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. ते वारेतून बाळापर्यंत जाते, आणि बाळाला ते पचवता येत नाही. जास्त कॅफिन घेणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची होण्याचा धोका वाढतो. म्हणून गरोदर बाईने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. आपल्या घरच्या भाषेत, दोन लहान कप, तेही जेवणापासून लांब. तिसरा नको. कोला आणि एनर्जी ड्रिंक नकोत. सासूबाईंनी आणि नवऱ्याने हे लक्षात ठेवले तर तिला सोपे जाते, कारण घरात दर दोन तासांनी चहा उकळत असताना तिला एकटीला "नको" म्हणणे कठीण असते.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातून थोडे कॅफिन बाळाला जाते. नवजात बाळाच्या अंगातून ते अर्धे व्हायला तीनेक दिवस लागतात. बाळ फार किरकिर करते, झोपत नाही, असे असेल तर आईचे चहाचे कप आधी मोजा. चहाने दूध वाढते हा समज खरा नाही. दूध वाढते ते बाळाला वारंवार पाजल्याने, आणि त्यासाठी आईच्या पोटात पुरेसे पाणी व जेवण लागते.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी

वॉचमन, रिक्षा-टेम्पो चालवणारे, हॉस्पिटलातले वॉर्डबॉय आणि आया, कारखान्यातले कामगार यांना "रात्री चहा पिऊ नका" म्हणून भागत नाही. त्यांनी चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावा. दहाला पाळी सुरू होत असेल तर दहा आणि एकचा चहा ठीक. पहाटे चार-पाचचा चहा मात्र घरी गेल्यावर सकाळची झोप खातो. एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्या लोकांची झोप तासाहून जास्त कमी झाली. हे प्रमाण मोठे आहे, पण रात्रभर दर तासाला कटिंग घेणारा तिथपर्यंत सहज पोहोचतो.

गाडी चालवताना डोळे मिटू लागले तर गाडी बाजूला घ्या, चहा प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडा. चहाचा जोर चढायला तेवढा वेळ लागतोच. उठाल तेव्हा झोपेचा आणि चहाचा, दोन्हींचा फायदा मिळेल. पण दोन रात्रींचे जागरण चहाने भरून निघत नाही. अशा वेळी गाडी चालवू नये.

औषधे, तपासण्या आणि बिडी

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्धा ते एक तास थांबून. चहाबरोबर घेतलेली गोळी पुरती लागू पडत नाही. रक्तदाब तपासण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, नाहीतर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. उपाशीपोटी साखर तपासायला जाताना पाणी सोडून काही नको, बिनसाखरेचा चहाही नको.

डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही कॅफिन असते. चहा चुकल्याने डोके दुखले, म्हणून ती गोळी घेतली, बरे वाटले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असे चक्र सुरू होते. रोज गोळी खाल्ल्याने डोकेदुखी कायमचीच होऊन बसते आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक फारशी माहीत नसलेली गोष्ट. धुरामुळे यकृत कॅफिन लवकर संपवते. त्यामुळे ओढणाऱ्याला चहा जास्त लागतो. बिडी सोडली की हा वेग कमी होतो आणि तेवढाच चहा दुप्पट जोराने लागू लागतो. झोप उडते, जीव घाबरा होतो, आणि माणसाला वाटते, बिडी सोडल्यामुळे हे झाले. तो पुन्हा बिडी पेटवतो. म्हणून बिडी सोडताना चहाही निम्म्यावर आणा. सोडणे सोपे जाईल.

साखरेचा हिशेब

चहात कॅफिनच्या जोडीला साखर असते. कपाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम. दिवसाला पाच कप म्हणजे ५० ग्रॅम, महिन्याला माणशी दीड किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर मोठ्या माणसाला दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. म्हणजे बिस्कीट, खारी, टोस्ट काहीच न खाता सगळी हद्द चहातच संपते. गूळ घातला तरी हिशेब तोच. मधुमेह असलेल्यांनी "गुळाचा आहे, चालतो" असे समजू नये.

पैशाचेही पाहा. नाक्यावरची कटिंग दहा रुपयांना धरली तर दिवसाच्या चार कटिंगचे महिन्याला बाराशे रुपये होतात. त्यांतल्या दोन कमी केल्या तर उरलेल्या सहाशेत घरी अंडी, शेंगदाणे आणि फळे येतील.

कमी करायचा तर कसा?

एकदम बंद करू नका. जास्त चहा पिणाऱ्याने एकदम सोडला तर बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, दुसऱ्या दिवशी त्रास जास्त असतो आणि तो आठवडाभरही राहू शकतो. मग माणूस कंटाळून पूर्वीपेक्षा जास्त पितो. त्यापेक्षा असे करा.

पहिल्या आठवड्यात फक्त कप मोजा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक चहाला एक रेघ ओढा, बाहेरच्या चहालाही. काही कमी करू नका.

दुसऱ्या आठवड्यात जेवणाला चिकटलेला चहा हलवा. कपांची संख्या तीच राहू द्या, वेळ तेवढी बदला.

तिसऱ्या आठवड्यात झोपायच्या आधीच्या सहा तासांतला चहा काढा. त्या वेळी हाताला काहीतरी गरम लागतेच, तेव्हा गवती चहा, आल्याचे पाणी किंवा नुसते कोमट पाणी घ्या. उन्हाळ्यात ताक, कोकम सरबत, लिंबूपाणी.

चौथ्या आठवड्यात कप लहान करा आणि पातेल्यातली पावडर व साखर एकेक चमचा कमी करा. उरलेला चहा पुन्हा उकळून पिऊ नका, तो जास्त तुरट होतो. घरातल्यांना न सांगता केले तर फरक फारसा कळतही नाही, असा अनुभव आहे.

महिनाभरात दिवसाला तीन-चार कपांवर यायला हरकत नाही. पाहुण्यांच्या घरी "नको" म्हटले तर त्यांना वाईट वाटते, अशी अडचण सगळ्यांना येते. तिथे "अर्धाच द्या ताई" किंवा "मला पाणी चालेल" एवढे पुरते. बैठकीत चहाच्या जोडीला पाण्याचा जग आणि लिंबू सरबत ठेवण्याची पद्धत महिला मंडळांनी पाडली, तर नको म्हणणाऱ्याला संकोच वाटणार नाही.

छातीत दुखणे, धडधड न थांबणे, चक्कर येऊन पडणे, श्वास अडकणे यांपैकी काही झाले, तर चहामुळे झाले असेल असे म्हणत घरी बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा. बाकी झोप, पित्त, डोकेदुखी आणि रक्त कमी असण्याच्या तक्रारींसाठी डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरवरच्या त्या रेघा मोजून आकडा बरोबर न्या. दिवसाला किती कप आणि किती वाजता, एवढे सांगितले तरी डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी मोफत होते. घरातल्या प्रत्येक बाईची आणि मुलीची ती या महिन्यात करून घ्या.